वाचायच्या आधी तिकीट

“हात धुतलेस काय?”

नमस्कार नाही, जेवलीस काय नाही, सरळ हा प्रश्न. अक्का आमच्या दुकानाची पायरी चढायच्या आधीच तो आत यायचा. मी म्हणायचे, धुतलेत अक्का. ती म्हणायची, परत धू. मागच्या नळावर हात धुऊन मी ओढणीला पुसायला लागले की लगेच तिकडून आवाज, ओढणीला नको, वारं लागू दे. मग दोन्ही हात पंख्याखाली धरून मी उभी, काउंटरवर आधार कार्डं घेऊन चार गिऱ्हाईकं उभी, आणि अक्का त्या चौघांकडं अशी बघायची जसं काही आत ऑपरेशन चाललंय.

मग ती पिशवीतनं एक चपटी डबी काढायची. डबीत कापूस, कापसावर बटर पेपर आणि त्याच्या घडीत पोस्टाचं एक तिकीट. एकच. ते चिमट्यानं उचलून स्कॅनरच्या काचेवर ठेवायची आणि म्हणायची, मोठं कर. मी मोठं करायचे. अजून. मी अजून मोठं करायचे. तिकीट स्क्रीनभर पसरून त्याचे रंग ठिपक्याठिपक्यांनी सुटे दिसायला लागले, की ती चष्मा डोळ्यांवर चढवायची आणि चित्राकडं न बघता चित्रावर पडलेल्या पोस्टाच्या काळ्या शिक्क्याकडं बघत बसायची.

सांगते थांबा, सगळं एकदमच यायला लागलंय.

हुबळीत कमरीपेठेत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. मालकांचं आहे, पण ते कायम बाहेर, त्यामुळं झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, फोटोतल्या माणसाला कोट घालणं, सगळं मीच करते. अक्काचं दुकान दाजीबानपेठेत. दोरे, बटणं, हुक, फॉल, लेस. सगळा बाजार तिला अक्काच म्हणायचा. आमचे साठीचे मालकही अक्का म्हणायचे आणि ती आली की खुर्चीतून उठायचे. तिचं खरं नाव मी एकदाच वाचलंय, तिच्या कार्डाची झेरॉक्स काढताना. ते इथं लिहीत नाही, तिला आवडलं नसतं.

उंच, काटकुळी, कायम इरकल साडी. चष्म्याला दोरा बांधलेला, तोही रोज साडीच्या काठाला मॅचिंग. मी विचारलं, अक्का, रोज दोरा बदलतेस? तर म्हणाली, दोऱ्याचं दुकान आहे माझं, मी नको बदलू तर कोण बदलणार.

आता तुम्ही म्हणाल तिकिटं जमवणारी माणसं खूप असतात. असतात की. तुमच्याही ओळखीत एखादा काका असेल, पाहुण्यांना बळंच आल्बम दाखवणारा. अक्का तसली नव्हती. तिला राजे, पुढारी, विमानं, फुलं कशात रस नव्हता. तिला एकच प्रकार लागायचा. खेड्यापाड्यातल्या बायाबापड्यांनी, सुतारांनी, चित्रं काढणाऱ्यांनी आपापल्या कलेत स्वातंत्र्य कसं काढलं, ते ज्या तिकिटांवर छापलंय ती. चामड्याची बाहुली, हातात झेंडा. लाकडी खेळण्यातले शिपाई. भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेला मोर्चा, त्यातल्या सगळ्या माणसांच्या डोक्यावर टोपी. कुणीतरी जपून ठेवलेला खादीचा बिल्ला. आणि कौदी. आमच्याकडं गोधडीला कौदी म्हणतात. जुन्या लुगड्यांची कौदी आणि तिच्या मधोमध टाक्याटाक्यानं शिवलेला चरखा.

ती तिकीट बघायची ते शिवणकामवाल्याच्या नजरेनं. एकदा भिंगातनं बघून म्हणाली, नोडु, बघ, हिनं चाकाचे आरे सात घातलेत. आठ पाहिजे होते. दोरा संपला असणार बिचारीचा. म्हणजे ज्या बाईनं कुठल्यातरी गावात कधीतरी ती कौदी शिवली, तिचा दोरा संपला ह्याचं अक्काला त्या दिवशी दुपारभर वाईट वाटत होतं.

नवीन तिकीट निघालं की ती सकाळी दहाला पोस्टात हजर. एकदा मला पण घेऊन गेली. आमच्या पुढं मिशावाला एक दांडगा माणूस, त्यानं पाकिटाला लावायला तिकीट घेतलं आणि सरळ जिभेवर ठेवलं. तिकिटावर झेंडा घेतलेली बाहुली होती. अक्कानं मागून त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, “देशाला चाटतोस होय रे?” तो माणूस जीभ बाहेर तशीच ठेवून वळला. समोर स्पंजची वाटी होती. पुढचं तिकीट त्यानं स्पंजला लावलं, आणि जाताना सॉरी अक्का म्हणून गेला. ओळख ना पाळख, तरी अक्काच.

बाजारातले सगळे तिच्यासाठी जुनी पाकिटं ठेवायचे. कापडवाले, भांडीवाले, एक दाताचा डॉक्टर. पाकीट आणलं की ती दोऱ्याचं एक रीळ काढून हातात द्यायची. पुरुष माणसं रिळाचं काय करणार, पण घेऊन जायची. तिकीट कापून आणलं मात्र की ती भडकायची. अख्खं पाकीट आण म्हणायची. कोपरा फाडून आणू नको, कधीच फाडू नको, कुणाचंच. एवढ्यासाठी एवढी का चिडते ते मला खूप दिवस कळलं नव्हतं.

ते कळलं एका दुपारी. करंट गेला होता. डबी काउंटरवर, तिकीट काचेवर, मशीन बंद. आम्ही दोघी वाट बघत बसलेल्या. मी सहज विचारलं, अक्का, हे एकच तिकीट किती वेळा स्कॅन करायचं? प्रत्येक वेळी दुसऱ्या कुठल्यातरी पाकिटाशेजारी ठेवून बघतेस, काय जुळवतेस?

तिनं सांगितलं. आवाज जराही न बदलता, गिऱ्हाइकाला लेसचा भाव सांगावा तसं.

तिचा धाकटा भाऊ होता. ती त्याला तम्मा म्हणायची. ती आणि तम्मा अप्पांच्या हाताखाली दुकानात बसायचे. तम्माला दोऱ्याचे रंग कळायचे नाहीत. डाळिंबी मागितला की लाल द्यायचा, मोरपंखी मागितला की हिरवा. एकोणीस वर्षांचा असताना असंच चुकला आणि अप्पांनी गिऱ्हाइकासमोर त्याच्या कानाखाली मारली. त्यानं मांडणीवरचा बरोबर रंगाचा दोरा शोधून गिऱ्हाइकाला दिला, चपला घातल्या आणि गेला. अप्पांनी घरात सांगितलं, त्याचं नाव काढायचं नाही.

चार महिन्यांनी पाकीट आलं. अक्काच्या नावावर. अक्षर तम्माचं. पोस्टमन वळला, आणि तिनं काय केलं? तिकिटाचा कोपरा फाडला आणि बशीतल्या पाण्यात टाकला.

“वाचायच्या आधी तिकीट,” ती म्हणाली. “माझं ते तसंच होतं. घरात कुणाचंही पत्र येऊ दे, पहिल्यांदा कोपरा पाण्यात, मग पत्र.”

तेवढ्यात अप्पांच्या चपलांचा आवाज आला. तिनं पत्र पोलक्यात घातलं आणि उरलेलं पाकीट न्हाणीतल्या चुलीत सारलं. बंबाखाली जाळ होताच. मग बशीकडं आली. तिकीट सुटून वर तरंगत होतं. चरख्याची कौदी. तिच्याकडं नव्हतं ते. आणि तिला काय वाटलं, तर वाईट वाटलं, एवढं चांगलं तिकीट शिक्क्यानं घाण झालं म्हणून.

पत्र तिनं संध्याकाळी गच्चीवर वाचलं. ते मला तिनं तोंडपाठ म्हणून दाखवलं. “अक्का, मी बरा आहे. काम मिळालंय. ह्या तिकिटावर कौदी आहे, तुझ्याजवळ नसणार म्हणून हुडकून लावलंय. पत्ता पाकिटाच्या मागं घातलाय. अप्पांना कळू देऊ नको. तू लिही.”

बंब तोपर्यंत विझला होता. तिनं राख पण चाळून बघितली.

परत पत्र आलं नाही. ती म्हणाली, त्याला वाटलं असणार मी पण अप्पांकडचीच. ह्याला तीसबत्तीस वर्षं झाली. अप्पा गेले, आई आधीच गेलेली. तिनं लग्न केलं नाही, दुकान चालवलं. आणि तिच्याजवळ राहिलं काय, तर एक तिकीट आणि त्याच्यावर शिक्क्याचा एक तुकडा. गावाचं नाव फाडलेल्या पाकिटावर गेलं, तिकिटावर आलं ते नुसतं गोल कड्याचं एक वळण. पण त्या वळणात एक खूण होती. घड्याळात जिथं सात वाजतात, तिथं कडं तुटलेलं. आणि तुटलेलं टोक जरा आत वळलेलं, फुटक्या बांगडीसारखं. पोस्टाचा शिक्का धातूचा असतो. पडला, आपटला की त्याला टवका जातो, आणि मग तो टवका त्या पोस्टातल्या प्रत्येक पाकिटावर उमटतो. तसलंच कडं दुसऱ्या पाकिटावर सापडलं, की गाव सापडलं.

करंट आला. मशीनचा दिवा लागला. ती म्हणाली, “मोठं कर.”

मी कशी आहे ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मला हे असलं काही कळलं की बसवत नाही. त्याच दिवशी मी कॉम्प्युटरवर अक्काच्या नावानं फोल्डर केला आणि तिकिटवाल्यांच्या तीन ग्रुपांवर टाकलं, ह्या ह्या वर्षांच्या आसपासची, असल्या शिक्क्याची पाकिटं असतील तर फोटो पाठवा. लोकांनी ढिगानं पाठवले. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातनं. मी प्रत्येक कडं मोठं करून अक्काच्या कड्याशेजारी लावायचे. ती बघायची. “नाही,” म्हणायची. मग जरा थांबून, “बरं.” आणि चहा मागवायची. नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडायचा नाही. उलट चहाबरोबर दोन बिस्किटं खायची. मला वाटायचं, काय खंबीर बाई आहे.

एक मात्र मला विचित्र वाटायचं. हुबळीहून धारवाडला सगळं जग बसनं जातं. दर पाच मिनिटाला बस आहे. अक्काला महिन्यातनं एकदा धारवाडला जावं लागायचं, डोळ्याच्या डॉक्टरकडं. ती रेल्वेनं जायची. स्टेशनवर जाऊन तास तास पॅसेंजरची वाट बघायची. मी चेष्टा करायचे, अक्का, काश्मीरला निघालीस काय? ती म्हणायची, बसमध्ये मळमळतं.

असं तीन वर्षं चाललं.

मग आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याकडं एक गठ्ठा आला. कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातली जुनी पाकिटं, सुतळीनं बांधलेली. त्यानं मला हाक मारली, तुमच्या अक्काचा माल आलाय म्हणाला. मी गठ्ठा दुकानात आणला, हात धुतले, वाऱ्यावर वाळवले, आणि एकेक बघायला लागले. वरून अकरावं का बारावं पाकीट. डोळ्यांना आधी कळलं, मला नंतर कळलं. सातच्या जागी तुटलेलं, टोक आत वळलेलं. मी ते स्क्रीनवर अक्काच्या तुकड्यावर ठेवलं तर एकावर एक असं बसलं, की दोन आहेत हे कळेना.

कड्याच्या आत अक्षरं स्वच्छ होती. रायापूर. रायापुरात हमरस्त्यापासून आत पूर्वी एक कारखाना होता, त्याच्या आवारात छोटं पोस्ट होतं, त्याचा शिक्का. आता कारखाना नाही, पोस्ट नाही. पण रायापूर आहे तिथंच आहे. हुबळी-धारवाडच्या रस्त्यावर, धारवाडच्या तोंडाशी.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पळत सुटले. चप्पल एकदा तुटली, हातात घेतली. दाजीबानपेठेत पोहोचले तेव्हा अक्का एका बाईला लेस मोजून देत होती. मी धापा टाकत म्हणाले, अक्का, सापडलं, गाव सापडलं. तिनं वर बघितलं नाही. हातानं मोजणं चालू. त्या बाईला लेस गुंडाळून दिली, सुट्टे दिले, ती बाई गल्लीच्या वळणाला जाईपर्यंत बघत राहिली.

मग गल्ल्याखालचा खण ओढला आणि एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. तेच कडं. तेच तुटलेलं. तेच गाव.

“अकरा वर्षं झाली,” ती म्हणाली.

मला काही कळेना. मी म्हणाले, मग तीन वर्षं आपण काय शोधत होतो?

“दुसरं.”

ती म्हणाली, दुसऱ्या कुठल्यातरी गावचं. लांबचं. जिथं मला त्याला गाठता आलंच नसतं, असलं. एखादं तरी निघेल वाटत होतं. “माझ्या भिंगातनं मला तेच तेच दिसतं. म्हटलं मशीनला वेगळं दिसत असेल.”

मग तिनं अकरा वर्षांपूर्वीचं सांगितलं. पाकीट सापडलं त्याच दिवशी ती बसनं रायापूरला उतरली होती. कारखान्याचं गेट बंद होतं. समोर चहाची टपरी, टपरीत एक म्हातारी. अक्कानं विचारलं. म्हातारीला नाव आठवेना, पण हुबळीचा एक पोरगा पॅकिंगला होता म्हणे. रोज दुपारी सुट्टी झाली की पोस्टाच्या खिडकीशी जायचा आणि विचारायचा, हुबळीहून काही आलंय काय. पोस्टातला माणूस लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. शेवटी शेवटी पोरगा खिडकीपर्यंत जायचाच नाही, हमरस्त्याकडेला येऊन उभा राहून बसेसकडं बघत राहायचा. दीड वर्ष. मग कुठं गेला माहीत नाही.

“आणि मी त्या दीड वर्षात दर महिन्याला धारवाडला जात होते,” अक्का म्हणाली. “अप्पांच्या औषधाला. बसनं. खिडकीशी बसून.”

बाहेर कुणीतरी पांढरा दोरा मागत होतं. तिनं दिला. परत येऊन बसली आणि मला विचारलं, “दोन गावचे शिक्के एकाच ठिकाणी, एकसारखे तुटू शकतात की नाही? तू शिकलेली आहेस. सांग.”

मी शिकलेली आहे. बी.कॉम. मला माहीत होतं काय उत्तर आहे ते. तिला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी म्हटलं, “शकतात की, अक्का.”

“मग शोध,” ती म्हणाली.

आता पुढं मी जे केलं ते इथं पहिल्यांदा सांगतेय. रोज लोकांच्या फोटोला कोट घालते, टाय बांधते, गालावरचा डाग काढते. कड्यातला एक एवढासा तुकडा पुसायला किती वेळ लागतो? ग्रुपवर एकानं पठाणकोटच्या शिक्क्याचा फोटो पाठवला होता. त्याच काळातला, अख्खा गोल, कुठं टवका नाही. मी सातच्या जागी पुसलं. टोक जरा आत वळवलं. अक्काच्या तुकड्याशेजारी ठेवून प्रिंट काढली आणि तिला निरोप पाठवला.

ती आली. त्या दिवशी हात धुतले काय विचारलं नाही. प्रिंट हातात घेतली, चष्मा चढवला, त्याच्यावर भिंग धरलं. चाळीसेक वर्षं जिनं दोऱ्याचा रंग उजेडात नेऊन बघितला आणि शिक्के भिंगाखाली बघितले, तिचे डोळे. मूळ पाकीट कुठं आहे विचारलं तर सांगायला मी वाक्य तयार ठेवलं होतं, ते पाठवणाऱ्याकडं आहे म्हणून. तिनं ते विचारलंच नाही.

“कुठलं गाव म्हणालीस?”

मी सांगितलं.

“तिकडं थंडी असेल,” ती म्हणाली. “त्याला थंडी सोसायची नाही. माझ्या अंगावरची कौदी ओढून घ्यायचा.”

मग प्रिंटची नीट घडी केली, डबीत मावेना म्हणून पोलक्यात ठेवली, आणि म्हणाली साकु. पुरे आता. फोल्डर पुसून टाक. मी पुसला नाही, पण पुसला म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मला एवढं हलकं वाटत होतं की मी आईसाठी गजरा घेतला. मला वाटलं, मी एक माणूस सोडवलं.

पुढच्याच आठवड्यात अक्का आली आणि म्हणाली, चल माझ्याबरोबर, डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय. मी म्हटलं स्टेशनवर जाऊया. ती म्हणाली, बसनं.

खिडकीशी तीच बसली. मी मनात म्हटलं, बघा, मळमळत नाही, काही नाही. सगळ्या रस्ताभर ती बोलत होती. केवढी घरं झालीत, इथं पूर्वी जोंधळा असायचा, ते हॉटेल कुणाचं. आता त्या रस्त्यावर बसचे थांबे मधोमध आहेत, काचेचे, आतली माणसं काचेमागं उभी असतात आणि बस लागली की दार सरकतं. रायापूर आलं. बस हळू झाली. काचेमागं सातआठ माणसं होती.

अक्का उठली. पूर्ण उठली नाही, अर्धीच. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण उठतो ना, हात वर जायला लागतो, तोंड उघडतं, तशी. एक हात पुढच्या सीटच्या दांड्यावर. दार सरकलं, माणसं चढली, दार मिटलं, बस निघाली. ती मान वळवून मागं बघत होती. थांबा दिसेनासा झाला तेव्हा खाली बसली.

मी विचारलं, कोण होतं अक्का? ती म्हणाली, कोण नाही.

धारवाड आलं. उतरायच्या आधी पदर सारखा करत, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “पठाणकोट लांब आहे, न्हाई गं?”

“फार लांब, अक्का.”

“मग बरं,” ती म्हणाली.

दिवाळी झाली आणि ती गेली. सकाळी दुकान उघडलं नाही म्हणून शेजारच्या भांडीवाल्यानं घरी जाऊन बघितलं. चुलतभाऊ बेळगावहून आला, दिवस केले, तिचा तिकिटांचा आल्बम घेऊन गेला. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पुरुष माणसं तिथनं जाताना अजून जरा रेंगाळतात. त्यांच्या घरी इतकी रिळं पडून असतील की ती कधी संपायची नाहीत.

ती बसमध्ये अर्धी उठली तेव्हा काय बघत होती, मला माहीत नाही. मी केलेल्या प्रिंटवर तिचा विश्वास बसला होता का, हेही माहीत नाही. कधी वाटतं, बसला असेल. कधी वाटतं, मला वाईट वाटू नये म्हणून तिनं ती पोलक्यात ठेवली.

मी आता धारवाडला शिकायला जाते. संध्याकाळचा कोर्स आहे, आठवड्यातनं चार दिवस, बसनं. मला पण खिडकीच आवडायची. रायापूर आलं की बस हळू होते आणि काचेमागची माणसं सगळी एकदम आत बघतात, एकेका खिडकीत, पुढून मागंपर्यंत. बसायला जागा आहे काय ते बघतात, एवढंच. मला ठाऊक आहे.

तरी त्यातल्या कुणाचीतरी नजर माझ्या खिडकीपाशी थांबते. मी मोबाईल काढते, आणि दार मिटेपर्यंत मान वर करत नाही.